ओरलँडोला निघालात? हॉटेल आतलं की बाहेरचं, ते दुपारच्या झोपेवरून ठरवा

"यंदा आई-बाबा येताहेत. मुलांना डिस्नी दाखवायचंय. हॉटेल आतलं घेऊ की बाहेरचं?" मार्च उजाडला की हा फोन मला येतोच. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आतापर्यंत तीनदा ओरलँडोला जाऊन आलोय. पहिल्यांदा चार वर्षांची मुलगी घेऊन बाहेरच्या, त्यातल्या त्यात स्वस्त हॉटेलात उतरलो. दुसऱ्यांदा नाशिकहून आई-बाबा आले होते, म्हणून आत. तिसऱ्यांदा दीर-जाऊ, त्यांची मुलं आणि सासूबाई धरून नऊ माणसं होतो, तेव्हा आख्खं घरच भाड्याने घेतलं. तिन्ही वेळा काहीतरी चुकलं, आणि दर वेळी वेगळं.

आत म्हणजे वॉल्ट डिस्नी वर्ल्डच्या आवारातलं हॉटेल. बाहेर म्हणजे किसिमी, लेक ब्युएना व्हिस्टा, इंटरनॅशनल ड्राइव्ह, डॅव्हनपोर्ट या भागांतलं हॉटेल किंवा भाड्याचं घर. भारतातून टूर कंपनीबरोबर येणाऱ्यांना बहुतेक वेळा बाहेरच उतरवतात, त्यामुळे त्यांना निवड अशी नसतेच. हा लेख स्वतःचं स्वतः बुकिंग करणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १: आधी माणसं मोजा, मग दर बघा

आपण उलटं करतो. साइट उघडतो, कमी ते जास्त अशी यादी लावतो आणि पहिल्या चारांतलं एक पकडतो. त्याऐवजी कागदावर सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: वय, दुपारी झोपतो का, आणि जेवायला काय लागतं.

वयाचं कारण साधं आहे. डिस्नीत ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ३ ते ९ हे लहान मुलांचं तिकीट आणि १० पासून मोठ्यांचं. खोलीचाही हिशोब असतो. डिस्नीच्या स्वस्त हॉटेलांत नेहमीच्या खोलीत चार माणसं मावतात, शिवाय ३ वर्षांखालचं एखादं बाळ. म्हणजे नवरा, बायको, दोन मुलं, झालं. त्यात आजी-आजोबा आले की दोन खोल्या, नाहीतर सहा जणांचा फॅमिली स्विट. तो ऑल-स्टार म्युझिक आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलांत मिळतो. इथेच अनेकांचा आतल्या हॉटेलाचा बेत गडगडतो, कारण दोन खोल्या म्हटलं की आकडा थेट दुप्पट होतो.

झोपेचं आणि जेवणाचं पुढे येतंच.

पायरी २: नकाशा समोर ठेवा

डिस्नी म्हणजे एक बाग आणि तिला एक फाटक, असं डोक्यात असेल तर काढून टाका. साधारण १०० चौरस किलोमीटरचा पसारा आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई त्यात आरामात बसून वर जागा उरेल. त्यात चार वेगळी पार्कं आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८). एकातून दुसऱ्यात जायला बस, बोट, मोनोरेल नाहीतर स्कायलायनर नावाची पाळण्यांची तार आहे. बरेचदा अर्धा-पाऊण तास सहज जातो.

म्हणून 'आतलं हॉटेल' एवढ्यावर थांबू नका, 'कुठल्या पार्काजवळचं' हे विचारा. आतली सगळी हॉटेलं एका माळेत ओवली की फसगत होते. डिस्नी स्वतः मुख्य असे तीन दर्जे सांगते. व्हॅल्यूमध्ये तिन्ही ऑल-स्टार, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन. मॉडरेटमध्ये कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज, पोर्ट ऑर्लिन्स. डिलक्समध्ये कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, ॲनिमल किंगडम लॉज वगैरे. हे दर्जे खोलीच्या थाटावरून दिसत असले, तरी तुम्ही खरे पैसे अंतराचे मोजता. कंटेम्पररीतून मॅजिक किंगडमच्या फाटकाशी दहाएक मिनिटांत चालत जाता येतं. पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियनला मोनोरेल दारात. ऑल-स्टारला मात्र फक्त बस, आणि बस म्हटली की थांबणं आलं.

मधला मार्ग शोधणाऱ्यांसाठी माझी शिफारस पॉप सेंच्युरीची आहे. दर्जा व्हॅल्यूचा, पण तळ्याच्या काठावर स्कायलायनरचं स्टेशन. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन मिळून ते एकच स्टेशन वापरतात. तिथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन्हींकडे पाळण्यातून जाता येतं. बाबागाडी मिटवावी लागत नाही, हे सुख बसमध्ये नाही. बसमध्ये झोपलेलं पोर एका हातावर आणि मिटलेली गाडी दुसऱ्या हातात, अशी कसरत असते. एक लक्षात ठेवा, विजा चमकायला लागल्या की स्कायलायनर थांबते आणि फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी विजा जवळजवळ रोजच्याच.

पायरी ३: आत राहण्याचे फायदे, आणि त्यांची खरी किंमत

पहिला फायदा म्हणजे रोज, चारही पार्कांत, इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश. ऐकायला अर्धा तास काहीच वाटत नाही. पण सकाळचा हा अर्धा तास दुपारच्या दीड तासाच्या तोडीचा असतो, कारण दुपारी जिथे तासभर रांग लागते तिथे तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. अट एकच, तुम्ही वेळेवर फाटकाशी हवेत. 'उठले की निघू' अशा घराण्यातले असाल तर हा फायदा तुमच्यासाठी शून्य. आमच्या पहिल्या सहलीत आम्ही एकदाही साडेदहाच्या आत पोहोचलो नव्हतो. आत राहूनही फरक पडला नसता.

दुसरा फायदा रांग चुकवायच्या विकतच्या पासाचा. त्याला लायटनिंग लेन म्हणतात. २०२४ च्या जुलैपासून नियम असा आहे की आत राहणाऱ्यांना मुक्काम सुरू व्हायच्या ७ दिवस आधी सकाळी ७ वाजता सगळ्या दिवसांचं बुकिंग करता येतं. बाहेर राहणाऱ्यांना ज्या दिवशी पार्कात जायचं त्याच्या ३ दिवस आधी. पास दोघांनाही विकतच घ्यावा लागतो, फुकट कुणालाच नाही. पण लोकांच्या उड्या पडतात त्या राइडच्या वेळा आतले लोक आधीच उचलतात. नाताळ, थँक्सगिव्हिंग किंवा वसंताच्या सुट्टीत जाणार असाल तर हे महत्त्वाचं आहे. सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर फारसं नाही.

तिसरा, डिलक्सवाल्यांना काही ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावर जादा वेळ मिळतो. लहान मुलं असतील तर विसरा.

चौथा म्हणजे गाडी नसली तरी चालतं. डिस्नीच्या बसला पैसे पडत नाहीत. पण विमानतळावरून हॉटेलपर्यंत फुकट आणणारी बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. जुन्या ओळखीतलं कुणी 'अगं, एअरपोर्टवरून तेच घेऊन जातात' असं म्हणालं तर ते तेव्हाचं आहे.

पार्किंगही आलं. बाहेरून गाडी आणलीत तर पार्कात दिवसाला ३० डॉलर किंवा त्याहून जास्त मोजा. आत राहणाऱ्यांना पार्कांचं पार्किंग फुकट, आणि २०२३ पासून डिस्नीच्या हॉटेलातलं रात्रीचं पार्किंगही पुन्हा फुकट झालंय. डिस्नीची स्वतःची हॉटेलं रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्यावर वेगळी लावलेली सक्तीची फी, लावत नाहीत, हेही नोंदवून ठेवा.

जाता जाता एक सांगते. स्वान, डॉल्फिन आणि स्वान रिझर्व्ह ही तीन हॉटेलं आवारात आहेत, पण मॅरियटच्या नावाखाली चालतात. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज दोन्हींकडे तिथून चालत जाता येतं, लवकर प्रवेशही मिळतो. कंपनीच्या प्रवासात नवऱ्याचे किंवा बायकोचे मॅरियटचे पॉइंट साठले असतील, तर ते इथे खर्चा. रिसॉर्ट फी आणि पार्किंगचे पैसे मात्र विचारून घ्या. डिस्नी स्प्रिंग्ज या बाजारपेठेजवळच्या काही बाहेरच्या कंपन्यांच्या हॉटेलांनाही लवकर प्रवेश मिळतो. ती यादी डिस्नीच्या साइटवर असते आणि बदलू शकते, तेव्हा बुकिंगच्या दिवशीची बघा.

पायरी ४: दुपार

माझ्या मते सगळा निर्णय इथे आहे.

मे ते सप्टेंबर फ्लोरिडातली दुपार म्हणजे आपल्याकडची वळवाआधीची कोकणातली दुपार. अंगाला चिकटणारा दमटपणा, आणि तीन-चार वाजता ढग फुटल्यासारखा पाऊस. आजी-आजोबांचा सहा महिन्यांचा मुक्काम नेमका याच काळात येतो, कारण इथल्या थंडीत ते येत नाहीत. सकाळी आठपासून चालून चालून एक वाजेपर्यंत लहान मूल रडायला लागतं आणि मोठी माणसं गप्प होतात. गप्प होणं जास्त वाईट. माझे बाबा दुसऱ्या दिवशी दीड तास एकाच बाकावर बसून होते आणि 'मला बरं वाटतंय, तुम्ही जा' म्हणत होते. पाय सुजले होते, ते रात्री कळलं.

यावर उपाय एकच. एक ते पाच खोलीवर, एसीत, आडवं. संध्याकाळी पुन्हा पार्क, मग आतषबाजी. हे जमणार का, याचं उत्तर हॉटेल कुठे आहे त्यावर.

मॅजिक किंगडमचंच उदाहरण घेऊ, कारण तिथली गंमत नवख्यांना माहीत नसते. गाडी पार्काच्या दाराशी लागत नाही. तळ्याच्या अलीकडे तिकीट आणि वाहतूक केंद्र आहे, तिथल्या पार्किंगमध्ये गाडी ठेवायची, केंद्रापर्यंत यायला ट्राम किंवा पायपीट, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोट, मग पार्क. टॅक्सीही साधारण तिथेच सोडते. डिस्नीच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट फाटकाशी. म्हणजे बाहेरचं हॉटेल पंधरा मिनिटांवर असलं, तरी खोलीच्या दारापासून राइडपर्यंत तास धरा. दुपारी जाऊन परत यायचं म्हणजे दोन तास गेले. चार तासांच्या विश्रांतीतले दोन रस्त्यावर! कुणी जात नाही. 'आता इतक्यासाठी कुठे जायचं' म्हणून सगळे पार्कातच रेंगाळतात, चिडचिड होते, चाळीस डॉलरचं आइस्क्रीम होतं.

मोनोरेलवरच्या हॉटेलातून हाच प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा. ऑल-स्टारच्या बसने, थांबण्यासकट, तीस-चाळीस मिनिटांचा. स्कायलायनर एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांपुरती पंधरा-वीस मिनिटं.

तेव्हा घरच्यांना एकच प्रश्न विचारा: दुपारी परत यायचंय का? उत्तर 'हो' असेल, म्हणजे पाचाखालचं पोर किंवा पासष्टीपुढचं माणूस बरोबर असेल, तर आत राहा. परवडत असेल तर मॅजिक किंगडमच्या दिवसांपुरतं तरी मोनोरेलवर. उत्तर 'नाही' असेल, मुलं दहा-बाराची आणि दिवसभर न दमणारी असतील, तर आतल्या हॉटेलाचे निम्मे पैसे तुम्ही न वापरलेल्या सोयीचे भराल. बाहेर राहा.

पायरी ५: कुकरचा प्रश्न

आम्ही आत राहिलो तेव्हा दुपारचं सुटलं आणि जेवणाचं अडलं. व्हॅल्यू दर्जाच्या खोलीत छोटा फ्रिज असतो, कॉफीचं यंत्र असतं. मायक्रोवेव्ह खोलीत नाही, खालच्या फूड कोर्टात. आईने पहिल्या रात्री पास्ता खाल्ला, दुसऱ्या रात्री व्हेजी बर्गर, तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मला वरण-भात असला तर बघ, नसला तर राहू दे." 'राहू दे' म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं.

कुकर, इंडक्शन असलं काही हॉटेलच्या खोलीत लावायचा विचार करू नका, नियमात बसत नाही आणि फोडणी दिली की धुराचा अलार्म केकाटतो. (हे हॉटेलात नाही, भाड्याच्या घरात झालं. जाऊबाईंनी हौसेने लसणाची फोडणी दिली आणि नऊ माणसं टॉवेल हलवत उभी.)

आत राहून निभवायचं असेल तर हे करता येतं. डिस्नीच्या पार्कांत घरचं खाणं नेऊ देतात. काचेची भांडी नकोत, दारू नको, तिथे गरम करावं लागेल असं काही नको, एवढंच. थेपले, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, चटणी, बेसनाचे लाडू हे सगळं बिनदिक्कत न्या. दही-दूध-फळं किराणा पोचवणाऱ्या ॲपवरून हॉटेलवर मागवता येतात. आलं-वेलदोड्याच्या चहासाठी घरून विजेची किटली नेली की ज्येष्ठांची सकाळ सुधारते. एक संध्याकाळ ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या उपाहारगृहासाठी ठेवा. तिथला स्वयंपाक आफ्रिकी असला तरी त्यावर भारतीय मसाल्यांची छाप आहे. नान आणि त्याबरोबर नऊ तऱ्हांच्या चटण्या-लोणची असा मांड येतो, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. आई तिथे पहिल्यांदा पोटभर जेवली.

पण रोजचं गरम जेवण हवंच असेल, पथ्यपाणी असेल, चातुर्मासात कांदा-लसूण चालत नसेल, तर बाहेर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. इथे दोन पर्याय आहेत. पहिला, छोटं स्वयंपाकघर असलेल्या स्विटचं हॉटेल. रेसिडेन्स इन किंवा होमवुड स्विट्स या नावांच्या हॉटेलांत चूल, मोठा फ्रिज, भांडी असतात आणि सकाळचा नाश्ता दरात धरलेला असतो. डिस्नीच्या पश्चिमेला फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज म्हणून भाग आहे, तिथे अशी हॉटेलं ओळीने आहेत आणि ॲनिमल किंगडमची बाजू जवळ पडते. चार-पाच जणांच्या कुटुंबाला ही जागा मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

दुसरा, भाड्याचं घर. आठ-दहा माणसं असतील तर याला तोड नाही. डॅव्हनपोर्ट, चॅम्पियन्सगेट, किसिमी या बाजूंना चार-पाच खोल्यांची, मागे पोहण्याचा हौद असलेली घरं रांगेने आहेत. जाहिरातीत मात्र तीन गोष्टी वाचा. साफसफाईचे पैसे वेगळे असतात आणि ते एक रात्र राहा की सात, तेवढेच, म्हणून दोन रात्रींसाठी घर घेऊ नका. हौदाचं पाणी गरम ठेवायचे पैसे बहुधा वेगळे, आणि डिसेंबर-जानेवारीत थंड पाण्यात कुणी उतरत नाही. आणि 'डिस्नीपासून दहा मिनिटं' यातलं डिस्नी म्हणजे आवाराची हद्द असते, पार्काचं फाटक नव्हे. पत्ता नकाशात टाकून सकाळी आठची वेळ लावून बघा. आय-फोर महामार्ग आणि १९२ नंबरचा रस्ता त्या वेळी कसे तुंबतात ते तेव्हाच कळेल. लहान मुलं असतील तर हौदाभोवती जाळी आहे का, हे घरमालकाला लिहून विचारा.

पायरी ६: आता हिशोब

दरांची तुलना कधीही रात्रीच्या भाड्यावर करू नका. आख्ख्या सहलीवर करा. एक नमुना मांडते. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या तारखांचे घाला. चौघांचं कुटुंब, ५ रात्री, ४ दिवस पार्क.

आत, व्हॅल्यू दर्जा, समजा रात्रीला २२० डॉलर. पाच रात्रींचे ११००. त्यावर ऑरेंज काउंटीचा साडेबारा टक्के कर, म्हणजे साधारण १२३८. पार्किंग शून्य. विमानाने आलात तर विमानतळाचं जाणं-येणं १०० धरा. एकूण १३३८.

बाहेर, समजा रात्रीला १२० आणि वर २५ रिसॉर्ट फी. पाच रात्रींचे ७२५, त्यावर ऑसिओला काउंटीचा साडेतेरा टक्के कर, म्हणजे ८२३. हॉटेलचं पार्किंग रात्रीला १५ प्रमाणे ७५. पार्काचं पार्किंग चार दिवसांचं १२०. झाले १०१८. विमानाने आलात तर भाड्याची गाडी, पाच दिवसांचे ३०० धरा. १३१८.

आत १३३८, बाहेर १३१८! शंभर डॉलर रात्रीचा फरक दिसत होता, तो वीस डॉलरवर आला. पण हेच कुटुंब अटलांटाहून किंवा शार्लटहून स्वतःच्या गाडीने आलं, तर आत १२३८ आणि बाहेर १०१८, म्हणजे २२० डॉलर वाचले. त्यात बाहेर नाश्ता फुकट असेल तर फरक आणखी वाढतो. थोडक्यात, विमानाने येणाऱ्याला बाहेरचं वाटतं तितकं स्वस्त पडत नाही, गाडीने येणाऱ्याला पडतं.

रिसॉर्ट फीबद्दल एक बरी बातमी. २०२५ च्या मेपासून अमेरिकेत हॉटेलांना अशी सक्तीची फी पहिल्याच दिसणाऱ्या दरात धरून दाखवावी लागते. आधी ती शेवटच्या पानावर उगवायची. कर आणि पार्किंग मात्र अजूनही वेगळे दिसू शकतात.

'डिस्नीला फुकट शटल' या ओळीवर हिशोबात एक पैसाही धरू नका. पहिल्या सहलीत आम्ही त्याच ओळीवर हॉटेल घेतलं होतं. शटल दिवसातून तीनदा, चार हॉटेलांचं मिळून एक, आणि रात्रीची शेवटची गाडी आतषबाजी संपायच्या बेतात निघणारी. आम्ही आतषबाजी बघितली. मग झोपलेली मुलगी खांद्यावर घेऊन पाऊण तास टॅक्सीची वाट बघितली. त्या रात्रीच्या टॅक्सीला हॉटेलच्या अर्ध्या दिवसाचं भाडं गेलं.

पायरी ७: युनिव्हर्सल पण करायचं असेल तर एक युक्ती

युनिव्हर्सल म्हणजे ओरलँडोतलीच, पण दुसऱ्या कंपनीची पार्कं. त्यांचं गणित अगदी वेगळं आहे, आणि इथे मी डोळे मिटून युनिव्हर्सलच्या आवारातल्या हॉटेलात राहा म्हणेन, पण एकच रात्र. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येकाला रांग चुकवायचा एक्सप्रेस पास मिळतो, तो वेगळा विकत घ्यावा लागत नाही. तो यायच्या आणि जायच्या, दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एका रात्रीत दोन दिवसांचा पास. खोली संध्याकाळीच मिळेल, पण सकाळीच हॉटेलवर जाऊन नोंद करा, सामान ठेवा, पास घ्या आणि चालत पार्कात जा. चार जणांचे दोन दिवसांचे एक्सप्रेस पास सुटे घ्यायला गेलात तर बहुधा खोलीच्या भाड्यापेक्षा जास्त पडतात.

दोन सावधगिऱ्या. हा पास युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या जुन्या दोन पार्कांपुरता. २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कात तो चालत नाही. आणि पार्काचं तिकीट वेगळंच घ्यावं लागतं.

त्यावरून सुचतं ते म्हणजे मुक्काम तोडणं. डिस्नीचे दिवस एकीकडे, युनिव्हर्सलची रात्र दुसरीकडे. सामान बांधायचा कंटाळा येतो, पण सहा रात्री एकाच ठिकाणी राहिलंच पाहिजे असा काही दंडक नाही. मुलं लहान असतील तर मात्र एकदाच तोडा, दोनदा नको.

पायरी ८: बुकिंग, व्हिसा आणि वादळ

भारतातून आई-वडील येणार असतील तर व्हिसाचं पक्कं झाल्याशिवाय परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका. व्हिसाची मुलाखत पुढे जाते, तब्येत बिघडते, तिकीट बदलतं. डिस्नीची नुसती खोली बुक केलीत तर एका रात्रीचे पैसे आगाऊ घेतात, आणि ऑनलाइन रद्द करायचं तर ६ दिवस आधीपर्यंत केलं की ते परत मिळतात. तिकिटांसकट पॅकेज घेतलंत तर ३० दिवसांची मुदत, त्यानंतर रद्द केलंत तर दर माणशी नव्हे, एका बुकिंगमागे २०० डॉलर कापतात. म्हणून मी नेहमी खोली आणि तिकिटं वेगळी घेते. भाड्याच्या घरांचे नियम सगळ्यात कडक असतात, काही ठिकाणी दोन महिने आधीच पैसे अडकतात.

जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ. राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने तुमच्या येण्याच्या ७ दिवसांच्या आत ओरलँडो परिसरासाठी किंवा तुम्ही राहता तिथे इशारा दिला, तर डिस्नी आपली फी न लावता तारीख बदलू देते किंवा रद्द करू देते. बाहेरच्या हॉटेलला आणि घरमालकाला हाच प्रश्न आधी विचारा, उत्तर ईमेलवर घ्या.

पायरी ९: खोली नेमकी कुठली

हे कुणी सांगत नाही, म्हणून शेवटी सांगते. ऑल-स्टार, कॅरिबियन बीच, पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइड, कोरोनाडो ही हॉटेलं म्हणजे एक इमारत नव्हे, वसाहतीच आहेत. खोलीपासून बसथांब्यापर्यंत दहा-बारा मिनिटं चालावं लागू शकतं, आणि दिवसभर पार्कात आठ-दहा किलोमीटर तुडवून आलेल्या आजीला ती दहा मिनिटं जड जातात. ऑनलाइन चेक-इन करताना विनंतीचा रकाना असतो. तिथे 'बसथांब्याजवळ, तळमजला' एवढंच लिहा. दहा विनंत्या लिहिल्या तर एकही पाळली जात नाही, असा माझा अनुभव आहे. पैसे जास्त घेऊन जवळची खोली देणारा पर्यायही काही हॉटेलांत असतो. ज्येष्ठ बरोबर असतील तर तो घ्या, दुसरीकडे वाचवा.

खोली दुपारी ३ ला हातात येते आणि निघताना ११ ला सोडावी लागते. सकाळच्या विमानाने पोहोचलात तर सामान हॉटेलच्या माणसांकडे देता येतं आणि हौद लगेच वापरता येतो. पोहायचे कपडे, मुलांच्या चपला आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत तळाशी घालू नका. आम्ही घातल्या होत्या, आणि लॉबीत सगळ्यांदेखत लाडवांचा डबा, कुकरच्या दोन शिट्ट्या आणि अर्धा किलो मेतकूट बाहेर काढून बसलो होतो.